बिनबोलावलेला माळी

काय दोस्तांनो, एक कोडं सोडवणार?

समजा, तुमच्या घरी काचेची मोठी टाकी आहे. गोड्या पाण्याची नाही हं, खाऱ्या पाण्याची. आत रंगीत मासे आणि चक्क जिवंत प्रवाळ! परदेशात कितीतरी हौशी मंडळी घरात असा इवलासा समुद्र वसवतात. एके सकाळी बघता तर काय, खडकावरच्या हिरव्या शेवाळात एक पांढरा पट्टा! जणू कुणीतरी वस्तरा फिरवलाय. कुणाचं हे काम?

रात्री दिवा मालवा आणि टॉर्च मारा. तो बघा, कपारीतून एक काळा काटेरी गोळा हळूहळू बाहेर येतोय! हा सी-अर्चिन. दिसतो साळिंदरासारखा, पण नातं तारामाशाशी. तुम्ही तर याला आणलंच नव्हतं! मग आला कुठून? अहो, टाकीतला खडक समुद्रातूनच आलेला. त्याच्या भोकात वाटाण्याएवढा अर्चिन दडून बसला होता. बिनतिकिटाचा प्रवासी! आत आला आणि गुपचूप वाढला.

त्याचं तोंड असतं पोटाखाली. त्यात पाच दात. झिजले तरी वाढतच राहतात. या जबड्याला म्हणतात 'अॅरिस्टॉटलचा कंदील', कारण अर्चिनचं वर्णन करताना या ग्रीक पंडिताने कंदिलाची उपमा दिली होती. या दातांनी तो खडकावरचं शेवाळ खरवडून खातो.

आता खरा प्रश्न. या पाहुण्याला ठेवायचं की हाकलायचं?

थांबा, आधी एक खरी गोष्ट ऐका. १९८३ साली पनामाजवळ लांब काट्यांचे काळे अर्चिन पटापट मरू लागले. साथ पसरत गेली आणि साधारण वर्षभरात कॅरिबियन समुद्रातले शंभरातले नव्वदहून जास्त अर्चिन संपले. पुढे काय झालं? चरणारं कुणी उरलं नाही, शेवाळ माजलं. जमैकाजवळचे प्रवाळ वादळाने आणि बेसुमार मासेमारीने आधीच खिळखिळे झाले होते. १९७०च्या दशकात तिथला निम्मा तळ प्रवाळांनी झाकलेला होता. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला उरला जेमतेम तीन टक्के! २०२२मध्ये अशीच साथ पुन्हा आली. या वेळी गुन्हेगार सापडला: एक एकपेशीय जीव.

बघितलंत? ज्याला आपण चोर समजलो, तो निघाला माळी! टाकीत भरपूर शेवाळ असेल, तर त्याला खुशाल राहू द्या. मात्र सुटे प्रवाळ तो धक्क्याने पाडतो, म्हणून ते घट्ट बसवायला हवेत. शेवाळ संपलं तर त्याला खायलाही घालायला हवं. आणि हो, काट्यांना हात लावायचा नाही. ते बोटात मोडतात!

एक मात्र ध्यानात ठेवा. आपल्या देशात प्रवाळांना कायद्याचं संरक्षण आहे, ते उचलून घरी आणणं गुन्हा आहे. पण कोकणात गेलात, तर ओहोटीला मोठ्या माणसांबरोबर खडकांतल्या डबक्यांत जरूर डोकावा. काटेरी माळीबुवा दिसले, तर लांबूनच नमस्कार करा आणि त्यांना त्यांचं काम करू द्या.