शास्त्रज्ञांनाही बोलायला शिकवा

इटलीतील लाक्विला शहरात 2009 च्या सुरुवातीला जमीन वारंवार हादरत होती. लोक धास्तावले होते. अखेर 31 मार्चला सरकारने भूकंपतज्ज्ञांची बैठक बोलावली. लहान धक्के बसले म्हणून मोठा भूकंप येईलच असे नाही, पण येणारच नाही असेही म्हणता येत नाही, असे तज्ज्ञांचे मत पडले. ते शास्त्राला धरूनच होते. बैठक आटोपून बहुतेक तज्ज्ञ परतले. लोकांच्या लक्षात राहिले ते मात्र एका सरकारी अधिकाऱ्याचे बोलणे. त्याच दिवशी कॅमेऱ्यासमोर त्याने सांगितले होते की लहान धक्क्यांतून जमिनीतील ऊर्जा निघून जात आहे, तेव्हा हे चांगलेच लक्षण आहे!

त्या भागात जुन्या माणसांची एक रीत होती. धक्का जाणवला की सगळ्या घरादाराने रात्र उघड्यावर काढायची. 5 एप्रिलच्या रात्रीही धक्के बसले, पण काही कुटुंबे त्या दिलाशावर विसंबून घरातच झोपली. पहाटे साडेतीनला शहर कोसळले. तीनशेहून अधिक माणसे दगावली.

पुढे खटला झाला. 2012 मध्ये सहा तज्ज्ञांना आणि त्या अधिकाऱ्याला सहा वर्षांची कैद सुनावण्यात आली. 2014 मध्ये वरच्या न्यायालयाने तज्ज्ञांना निर्दोष सोडले, अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आली. भूकंप केव्हा होईल हे कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे तज्ज्ञांची सुटका योग्यच म्हणावी लागेल. पण ‘आम्हाला नक्की सांगता येत नाही, तुम्ही सावध राहा’ एवढे साध्या शब्दांत सांगणे तर त्यांच्या हातात होते!

लोकांशी बोलणे हे आपले काम नव्हे, असे अनेक शास्त्रज्ञांना वाटते. यात सगळा दोष त्यांचाच आहे असेही नाही. पीएच.डी.च्या चार-पाच वर्षांत विद्यार्थी यंत्रे हाताळायला शिकतो, आकडेमोड शिकतो, इंग्रजी नियतकालिकांसाठी शोधनिबंध लिहायला शिकतो. पण सुटीत घरी गेल्यावर आईने विचारले, ‘‘बाळा, तू तिथे करतोस तरी काय?’’ तर तो दोन वाक्यांत गडबडतो आणि शेवटी म्हणतो, ‘‘तुला नाही कळायचं.’’

अमेरिकन अभिनेता अ‍ॅलन आल्डा अकरा वर्षांचा असताना त्याने आपल्या बाईंना विचारले होते, ज्योत म्हणजे काय? बाई म्हणाल्या, ऑक्सिडेशन. झाले, एका न कळणाऱ्या गोष्टीला दुसरे न कळणारे नाव मिळाले. याच आल्डाच्या प्रयत्नाने न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक विद्यापीठात 2009 मध्ये शास्त्रज्ञांना बोलायला शिकवणारे केंद्र सुरू झाले. तिथे भाषणाचे धडे नाहीत, नाटकातले खेळ असतात. त्यांतला एक आरशाचा. दोघांनी समोरासमोर उभे राहायचे. एकाने हात हलवायचा, दुसऱ्याने त्याचे प्रतिबिंब व्हायचे. पहिला घाईने हलला की दुसरा मागे पडतो आणि चूक पहिल्याची धरली जाते. वर्गात मात्र आपण नेमके उलट करतो, न समजणाऱ्यालाच ‘ढ’ ठरवतो.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 2018 मध्ये ‘अवसर’ नावाची योजना सुरू केली. तरुण संशोधकांनी आपले काम सोप्या लेखात मांडायचे, पहिले बक्षीस एक लाख रुपये. कल्पना चांगली आहे, पण न शिकवता परीक्षा घेण्यासारखी. ज्याला मुळात लिहिता येते तोच बक्षीस नेणार. बाकीच्यांना शिकवायचे कुणी? त्यातून लेख लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याला ‘आधी प्रयोग संपव’ म्हणणारे मार्गदर्शकही असतातच. पीएच.डी.च्या अभ्यासक्रमातच एक सत्र यासाठी ठेवले आणि परीक्षक म्हणून शेजारच्या शाळेतील मुले बसवली, तर खर्च तो किती येणार?

2025 मध्ये दिवंगत झालेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांच्याभोवती व्याख्यानानंतर मुले स्वाक्षरीसाठी गर्दी करत. ते सांगत, स्वाक्षरी अशी मिळणार नाही. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही असेल.