माळवदाला दोष देण्यापूर्वी
१/ बीड जिल्ह्यातील जुन्या गावांत माळवदाची घरे आजही आढळतात. बाहेरून दिसतात ती दगडमातीच्या रुंद भिंती आणि सपाट मातीचे छत. या घरांचा खरा आधार मात्र आत आहे, आणि तो लाकडाचा आहे.

२/ दगडी तळखड्यावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी ही रचना. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. घर किती मोठे, हे खणांवरून सांगितले जाई.

३/ इंग्लंडच्या खेड्यांतील जुनी घरेही याच तत्त्वावर उभी आहेत: भार ओकच्या सांगाड्यावर, मधल्या जागेत कूड आणि मातीचा लेप. तेथील सांगाडा दर्शनी भागात दिसतो, म्हणून त्याचे कौतुक होते. आपला भिंतीआड राहिला, म्हणून दुर्लक्षित झाला.

४/ ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. बीडच्या शेजारच्या लातूर आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीखाली गाडली गेली. तेव्हापासून ‘माळवद म्हणजे मृत्यू’ हे समीकरण मराठवाड्याच्या मनात रुजले.

५/ हा निकाल अर्धाच खरा आहे. छताची माती जड होती, हे खरे. परंतु आधी ढासळल्या त्या मातीत रचलेल्या, आतबाहेरचे थर एकमेकांत न गुंफलेल्या दगडी भिंती. छताचा भार लाकडी खांबांवर होता, अशा अनेक घरांत भिंती पडूनही सांगाडा उभा राहिल्याचे अभियंत्यांनी नोंदवले आहे.

६/ म्हणून माळवद आहे तसेच सुरक्षित आहे, असे माझे म्हणणे नाही. छतावरील माती कमी करणे, खांब व तुळई यांना तिरप्या आधाराने जखडणे, भिंतीत आरपार दगड बसवणे, हे उपाय भूकंपानंतर सुचवले गेले होते. आपण मात्र दुरुस्तीचा विचार न करता घरे पाडतो, सागवान विकतो आणि त्या जागी स्लॅब टाकतो. त्या स्लॅबलाही नीट बांधलेला सांगाडा लागतो, हे मात्र विसरतो.

७/ इतिहासप्रेमी मित्रांनो, गडकोटांइतकाच हाही आपला वारसा आहे. गावातील एखादे माळवद पाडले जाण्यापूर्वी त्याचे खण मोजा, खांब-तुळयांच्या सांध्यांची छायाचित्रे घ्या, जाणत्या सुतारांकडून प्रत्येक भागाचे नाव लिहून घ्या. घर वाचेलच असे नाही; ते उभे कसे राहिले, हे ज्ञान तरी वाचावे.