बाई, पुस्तक बदलू का?

बेळगावहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. तिथल्या एका मराठी शाळेत त्या सहावी-सातवीला शिकवतात. मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून त्यांनी खटपट करून आठवड्याला दोन तास मागून घेतले. आता त्या तासांचं करायचं काय, हा त्यांच्यापुढे प्रश्न आहे. पुस्तकं वाटून झाली की दहाव्या मिनिटाला कुजबुज सुरू होते. मग बाई रागावतात, पुस्तकं गोळा करतात आणि फळ्यावर समास लिहितात!

पत्र वाचून मला हसू आलं. कारण पहिल्या वर्षी मीही हुबेहूब हेच केलं होतं.

माझी शाळा नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात. सातवीच्या वर्गात 42 मुलं. उत्साहाच्या भरात मी पुस्तकं निवडली, ती नंबरवार वाटली आणि प्रत्येकाला एक सारांशवही करायला लावली. लेखकाचं नाव, पात्रपरिचय, आवडलेला प्रसंग आणि शेवटी तात्पर्य. महिन्याभरानं वह्या तपासायला बसले. निम्म्या मुलांनी पुस्तकाच्या पाठीमागचा मजकूर उतरवून काढला होता. दोन मैत्रिणींचे सारांश तर शुद्धलेखनाच्या चुकांसकट सारखे. वाचलं कुणीच नव्हतं. आणि का वाचावं? बक्षीस म्हणून पुढे सारांशच लिहायचा असेल, तर मीही वाचणार नाही.

त्याच सुमाराला नॅन्सी अ‍ॅटवेल या अमेरिकन शिक्षिकेच्या कामाविषयी वाचायला मिळालं. मेन राज्यातल्या समुद्रकाठच्या एका छोट्या गावात त्या आठवीला शिकवत. 1987 साली त्यांनी या अनुभवावर पुस्तक लिहिलं, आणि वर्गातल्या ‘वाचन कार्यशाळे’ची कल्पना शिक्षकांमध्ये दूरवर पोचली. 2015 मध्ये पहिला ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ त्यांना मिळाला. दहा लाख डॉलर्स! ते सगळे त्यांनी स्वतः काढलेल्या शाळेला देऊन टाकले. त्यांच्या शाळेतले वर्ग लहान आणि पुस्तकं हजारोंनी. आपलं गणित निराळं, हे मला पहिल्याच दिवशी समजलं. पण त्यांची मूळ रीत बिनखर्चाची आहे.

कार्यशाळा म्हटलं की आपल्याकडे बॅनर, दीपप्रज्वलन आणि चहा-बिस्किटं. ही तशी नव्हे. सुताराच्या पडवीत कशी चार पोरं आपापलं लाकूड घेऊन बसलेली असतात, एक रंधा मारतोय, एक खिळे ठोकतोय, आणि मिस्त्री एकेकाजवळ जाऊन बघतो, ही तशी कार्यशाळा. पुस्तक ज्याचं त्यानं निवडायचं. नाही आवडलं तर वीस पानांनंतर खुशाल बदलायचं. शाळेच्या वेळेत, वर्गातच वाचायचं. ‘घरी वाचून या’ नाही. आणि सारांश नाही.

आमचा तास चाळीस मिनिटांचा. पहिली सहा-सात मिनिटं मी बोलते, तीही एकाच गोष्टीवर. उदाहरणार्थ, संवादात ‘तो म्हणाला’ लिहिलेलं नसेल तर कोण बोलतंय हे कसं ओळखायचं. किंवा एखादा शब्द अडला तर पुढची दोन वाक्यं वाचून अंदाज कसा घ्यायचा. मग पंचवीस मिनिटं वाचन. शेवटची थोडी उरतात, त्यात ज्याला सांगावंसं वाटेल त्यानं आपल्या पुस्तकाबद्दल सांगावं. सक्ती नाही.

त्या पंचवीस मिनिटांत बाईंनी काय करायचं? पहिला आठवडाभर मीसुद्धा पुस्तक उघडून नुसती वाचत बसले. मुलं चोरून बघत होती, बाई खरंच वाचतायत की वह्या तपासतायत! त्यानंतर मात्र मी एक वही घेऊन फिरू लागले. तीत सगळ्यांची नावं आणि पुढे चौकटी. तासाच्या सुरुवातीला प्रत्येकानं पुस्तकाचं नाव आणि पान सांगायचं, दोन मिनिटांत हजेरीसारखं. ही वही फार बोलते. एखादं मूल तीन तास पान 14 वरच असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसायची वेळ झाली. एका तासात चार मुलं होतात, जास्त नाही. बाकावर वाकून बोलू नये, शेजारी बसावं आणि आवाज इतका खाली की पलीकडच्याला ऐकू जाऊ नये. ‘काय चाललंय गोष्टीत?’ एवढं विचारलं तरी पुरतं.

अ‍ॅटवेलबाई मुलांशी पुस्तकांबद्दल पत्रव्यवहार करत. 42 पत्रांना दर आठवड्याला उत्तरं देणं मला अशक्य. म्हणून पाळीपाळीनं दहा. ‘श्यामची आई’ वाचून एका मुलीनं लिहिलं, ‘बाई, पुस्तक चांगलं आहे, पण मला अशी आई नको.’ माझ्या लेखणीच्या टोकाशी ‘पुन्हा नीट वाच’ हे शब्द आले होते! कसेबसे आवरले आणि ‘का गं?’ एवढंच लिहिलं. श्यामला मारून विहिरीवर पोहायला पिटाळतात तो प्रसंग तिनं दीड पान भरून लिहिला, कारण तिला स्वतःला पाण्याची भीती वाटत होती. सारांशवहीत हे मला कधी मिळालं नसतं.

आता ज्या मुलासाठी हे सारं लिहायला घेतलं, त्याच्याकडे वळते. नाव देत नाही.

तिसऱ्या बाकावर बसायचा. अक्षर मोत्यासारखं. फळ्यावरचं जसंच्या तसं वहीत उतरे, म्हणून सगळ्या शिक्षकांचा लाडका. कार्यशाळेत त्यानं एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी निवडली. माझ्या वहीत त्याच्या चौकटी सरसर भरत होत्या: पान 12, पान 31, पान 58, पान 80. मी शिक्षकांच्या खोलीत कौतुकानं सांगितलंही. वाचणाऱ्याकडे कशाला जायचं, म्हणून महिनाभर त्याच्याजवळ बसलेच नाही. ही माझी चूक.

एकदा सहज बसले. म्हटलं, ‘अरे, एवढा परिच्छेद मला हळूच वाचून दाखव.’ तो म्हणाला, ‘बाई, घसा बसलाय.’ पुढच्या तासालाही घसा बसलेला. तिसऱ्या वेळी मी काही न बोलता नुसती बसून राहिले. मग त्यानं बोट ठेवून सुरुवात केली. साधी अक्षरं जमत होती. जोडाक्षर आलं की थांबायचा, माझ्या तोंडाकडे बघायचा आणि अंदाजानं काहीतरी म्हणायचा. दोन ओळींना चार मिनिटं लागली. 80 पानं त्यानं उलटली होती. वाचलं एकही नव्हतं. सात वर्षं आमच्या शाळेत होता आणि आम्ही त्याच्या अक्षराला छान शेरे देत होतो.

2024 च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला होता. हा आकडा मला माहीत होता. त्यावर मी एका सभेत बोललेही होते. आकड्यातलं पोर तिसऱ्या बाकावर बसलंय, हे मात्र दिसलं नव्हतं.

त्याला सोपं पुस्तक द्यायला हवं होतं. एक ढोबळ खूण आहे: एका पानात पाच शब्द अडले तर ते पुस्तक सध्या जड. पण सातवीतल्या पोराच्या हातात मोठ्या अक्षरांचं चित्रांचं पुस्तक दिलं, तर वर्ग त्याला जगू देईल का? शेवटी दुसरीच्या बाईंशी ठरवलं. दर शनिवारी सकाळच्या शाळेत सातवीतली आठ मुलं दुसरीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवतील. त्या आठांत दोन-तीन हुशार मुली मुद्दाम घातल्या, आणि हा. आता तयारी म्हणून चित्रांचं पुस्तक उघड्यावर वाचायला त्याला कारण मिळालं. मधल्या सुट्टीत दहा मिनिटं आम्ही जोडाक्षरं फोडत बसायचो. अर्धं अक्षर मागच्या अक्षरावर आदळतं, तिथे शब्द तोडून म्हणायचा: पुस्-तक, गोष्-ट, रस्-ता. हळूहळू सुटत गेलं.

डिसेंबरात कांदालागण सुरू झाली आणि तो तीन आठवडे आलाच नाही. त्यानंतर वडील शाळेत आले. तक्रार घेऊनच. ‘बाई, वर्गात नुसती गोष्टीची पुस्तकं वाचतात म्हणे. मग अभ्यास कधी?’ हाच प्रश्न मुख्याध्यापकांनीही मला विचारला होता, फक्त ‘पोर्शन’ हा शब्द वापरून. सांगावं की नाही, मी घुटमळले. घरी जाऊन पोराला मार बसला तर? पण सांगितलं. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, ‘माझंबी तसंच झालं होतं, बाई. मी आठवीत सोडली.’ दुसऱ्या दिवसापासून मुलगा यायला लागला. शनिवारची शाळा त्यानं एकदाही चुकवली नाही.

बेळगावच्या ताई, तुमची मुलं कुजबुजतात त्याअर्थी हातातलं पुस्तक त्यांना एकतर नको आहे किंवा झेपत नाहीये. दोन्हींवर उपाय म्हणजे पुस्तकं भरपूर हवीत. एका मुलामागे निदान तीन. आमची सव्वाशे पुस्तकं अशी जमली: रद्दीवाल्याकडून किलोवर, पालकांच्या माळ्यावरून, नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त पुस्तकं, आणि ‘किशोर’चे जुने दिवाळी अंक. ‘बालभारती’ हे मासिक 1971 पासून काढते, त्यामुळे कुणा ना कुणाच्या घरी गठ्ठा सापडतोच. हिंदी, कन्नड जे मिळेल तेही ठेवा. विनोदाची, क्रिकेटची, भुताची पुस्तकं बघून नाक मुरडू नका. आणि तुमच्या वहीतली जी चौकट सर्वांत वेगानं भरतेय, त्या मुलाजवळ आधी जाऊन बसा.

घरी हे करू पाहणाऱ्या आईबाबांना एवढंच सांगेन, की वीस मिनिटं तुम्हीही पुस्तक घेऊन बसा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. आणि वाचून झाल्यावर ‘काय बोध घेतलास?’ हे विचारू नका.

वार्षिक परीक्षेत त्या मुलाला मराठीत 100 पैकी 38 गुण मिळाले. आदल्या वर्षी पाठ केलेल्या उत्तरांवर 44 होते. मुख्याध्यापकांनी ते माझ्या लक्षात आणून दिलंच. मार्चअखेर त्याची लहान-लहान अकरा पुस्तकं वाचून झाली होती आणि भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचं एक पुस्तक सुरू होतं. पान 46 वर शाळा सुटली, तेव्हा सुट्टीसाठी त्याला ते घरी नेऊ दिलं.

जूनमध्ये पुस्तक परत घेऊन आला. खुणेची काडी पान 71 वर होती.

‘बाई, पुस्तक बदलू का?’

‘का रे, अजून बरंच राहिलंय की!’

‘आवडेना. लईच धावपळ करतो तो.’

मी कपाट उघडून दिलं. वीस मिनिटं तो निवडत उभा होता.