घासलेले अंगठे आणि हयातीचा दाखला



नोव्हेंबर महिना आला की निवृत्त कामगाराला आपण हयात आहोत हे सरकारला पटवून द्यावे लागते. दाखला पोहोचला नाही तर पेन्शन थांबते. १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ योजना सुरू केली. आधार क्रमांक द्यायचा, यंत्रावर बोट ठेवायचे, दाखला तयार. पुष्कळांची बँकेतील रांग टळली. या सुधारणेचे आम्ही स्वागतच करतो.

परंतु ज्याने तीस-पस्तीस वर्षे रुळाखाली खडी ठोकली, घण उचलला, लोकोशेडमध्ये तेल-ग्रीसमध्ये हात घातले, त्याच्या बोटांवरच्या रेषा घासून गेलेल्या असतात. त्यात वयाने कातडी सैल पडते. यंत्र म्हणते, ठसा जुळत नाही. हा दोष कामगाराचा नव्हे. त्या रेषा रेल्वेच्या सेवेतच झिजल्या आहेत.

२०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली. बोटांची अडचण बरीच दूर झाली, पण त्यासाठी चांगला स्मार्टफोन हवा, ॲप उतरवून घ्यायला हवीत, ओटीपी वेळेत भरायला हवा, कॅमेऱ्यासमोर पापण्या लववायला हव्यात. नातू घरी असेल तर पाच मिनिटांचे काम. एकट्या राहणाऱ्या फॅमिली पेन्शनर भगिनीने काय करावे?

यावर वाट दाखवली ती टपाल खात्यातील बांधवांनी. २०२० पासून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन व ग्रामीण डाक सेवक दारी येऊन दाखला करून देऊ लागले. तंत्र तेच, पण सोबत जाणता माणूस असला की म्हाताऱ्या माणसाचा धीर सुटत नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत:

१) कोणतेही यंत्र वा ॲप लागू करण्यापूर्वी निवृत्त ट्रॅकमन, खलाशी, पोस्टमन यांच्याच हातून त्याची चाचणी घ्यावी.

२) अक्षरे मोठी असावीत. सूचना पेन्शनरच्या भाषेत, ऐकूही येतील अशा असाव्यात. ओळख पटली नाही तर पुढे काय करायचे हे तिथेच सांगावे.

३) घरपोच दाखल्याचे शुल्क सरकारने सोसावे व ते काम करणाऱ्यास योग्य मोबदला द्यावा.

४) कागदी दाखल्याची सोय कायम ठेवावी.

शाखांनीही हातावर हात ठेवून बसू नये. ८० वर्षे पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. तेव्हापासून शाखा कार्यालयात मदतीचे टेबल लावावे. प्रमाण आयडी मिळाला म्हणजे काम संपले असे नव्हे. दाखला स्वीकारला गेला की नाही तेही पाहून द्यावे. ठसा जुळत नाही म्हणून कोणाला परत पाठवले, तर त्याच्यासोबत जाऊन कागदी दाखला भरून द्यावा.

आज ड्युटीवर असलेला प्रत्येक जण उद्याचा पेन्शनर आहे. हा लढा म्हाताऱ्यांचा म्हणून बाजूला सारू नका. तो आपलाच आहे.