उंबरठ्यापलीकडे

छळाचे घर सोडून बाहेर पडलेल्या स्त्रीला समाज दोन प्रश्न विचारतो. ‘इतकी वर्षे का सोसलेस?’ हा एक आणि ‘आणखी थोडे सोसले असतेस तर?’ हा दुसरा. ‘आज रात्री राहणार कुठे?’ असे मात्र क्वचितच कोणी विचारते.

बाहेर पडणे म्हणजे सुटका, ही समजूत अपुरी आहे. जिला वर्षानुवर्षे भाजीच्या पैशांचाही हिशेब द्यावा लागला, तिला स्वतःच्या मिळकतीतून मुलासाठी वही घेतानाही अपराधी वाटते. दारावर थाप पडली, की छातीत धस्स होते. माहेरी आसरा मिळाला तरी तेथे ती पाहुणीच; चार दिवस सरले, की वहिनीच्या शब्दांना धार येते. (त्यात दोष केवळ वहिनीचा नसतो, दोन खोल्यांत सात माणसे मावत नाहीत.)

म्हणूनच निवारा हा दयेचा नव्हे, हक्काचा विषय ठरणे आवश्यक होते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा ऑक्टोबर २००६ मध्ये अमलात आला. मारहाणीबरोबरच शिवीगाळ आणि आर्थिक कोंडी यांनाही त्याने हिंसा मानले आणि स्त्रीला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला. परंतु त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सासू-सासऱ्यांच्या मालकीचे घर या हक्काबाहेर ठेवले. तो निर्णय चुकीचा होता, हे त्याच न्यायालयाने म्हणण्यास २०२० साल उजाडावे लागले. चौदा वर्षांत एखादीची सारी उमेद संपून जाते. त्या घरी परतणे नकोच असेल, तर वेगळ्या घराची सोय करण्याचा किंवा भाडे देण्याचा आदेश दंडाधिकारी पतीला देऊ शकतात. पुष्कळ स्त्रियांना हे ठाऊकच नसते.

छप्पर मिळाले, की कागदांची पायपीट सुरू होते. अन्नसुरक्षेच्या २०१३ च्या कायद्याने शिधापत्रिकेवर घरातील ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख मानले. पण नवी पत्रिका काढायची, तर जुन्या पत्रिकेतून नाव कमी झाल्याचा दाखला लागतो आणि ती जुनी पत्रिका सासरच्या कपाटात असते. शाळा सोडल्याचा दाखलाही बहुधा तेथेच राहिलेला असतो. मुक्त विद्यालयातून दहावीला बसण्यास कमाल वयोमर्यादा नाही. मात्र त्या दाखल्याची दुय्यम प्रत मागण्यासाठी तिला वीस वर्षांपूर्वीच्या शाळेची पायरी पुन्हा चढावी लागते, आणि तेथे तिची नोंद तिच्या माहेरच्या नावाने असते.