४२० विरुद्ध १

देशावर संकट कोसळले असता मतभेद बोलून दाखवावेत की मनात ठेवावेत, हा प्रश्न आमच्या चळवळीला नवा नाही. कोठे बाँबस्फोट झाला, सीमेवर रक्त सांडले, की पक्षाच्या शाखांतूनही हमखास एक सूर निघतो : ‘ही राजकारणाची वेळ नव्हे, आता सर्वांनी नेतृत्वामागे उभे राहावे.’ असे म्हणणारे कार्यकर्ते बहुधा प्रामाणिक असतात. त्यांना भित्रे किंवा सरकारधार्जिणे म्हणून झिडकारणे अन्यायाचे होईल. परंतु त्यांचा युक्तिवाद अनुभवाच्या कसोटीवर किती टिकतो, हे पाहणे आवश्यक आहे. अमेरिका आणि ब्रिटन या दोन देशांनी २००१ ते २००३ या काळात ही कसोटी दिली. तिचा जमाखर्च आता बराचसा उघड झाला आहे.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन येथे झालेल्या हल्ल्यांत सुमारे ३००० निरपराध माणसे मेली. त्यानंतर तीनच दिवसांनी, १४ सप्टेंबरला, अमेरिकेच्या काँग्रेससमोर एक ठराव आला. त्याचा मुख्य भाग अवघ्या ६० इंग्रजी शब्दांचा होता. ज्या राष्ट्रांनी, संघटनांनी वा व्यक्तींनी हा हल्ला घडवला किंवा हल्लेखोरांना आसरा दिला असे राष्ट्राध्यक्ष ठरवतील, त्यांच्याविरुद्ध आवश्यक ते सर्व बळ वापरण्याची मुभा त्याने दिली. कोणत्या देशात, किती काळ आणि नेमके कोणाविरुद्ध, याची मर्यादा ठरावात नव्हती. सिनेटमध्ये तो ९८ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला, आणि प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ मतांनी. आमच्याकडे ४२० या आकड्याला वेगळाच वास आहे. तो येथे लावणे बरोबर होणार नाही. त्या ४२० जणांत लबाड थोडे होते, भ्यालेले आणि दुःखाने हादरलेले पुष्कळ होते. स्वतःला समाजवादी म्हणवणारे बर्नी सँडर्सही त्यांतच होते.

विरोधातले एकमेव मत कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या प्रतिनिधी बार्बरा ली यांचे होते. हल्लेखोरांना शासन होऊ नये असे त्या म्हणत नव्हत्या. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, शोक अजून ताजा असताना, परिणामांचा विचार न करता, राष्ट्राध्यक्षाच्या हाती कोरा धनादेश देऊ नये. या एका मतापायी त्यांना देशद्रोही ठरवण्यात आले, ठार मारण्याच्या धमक्या आल्या, पोलीस संरक्षणात वावरावे लागले. पुढे काय झाले ते सर्वांसमोर आहे. त्या ६० शब्दांच्या आधारे एकामागून एक आलेल्या राष्ट्राध्यक्षांनी अफगाणिस्तानाबाहेर कितीतरी देशांत लष्करी कारवाया केल्या. ज्या ‘इस्लामिक स्टेट’शी अल्-कायदाचे उघड वैर होते, तिच्यावरील हल्ल्यांसाठीही २०१४ नंतर हाच ठराव पुढे करण्यात आला, आणि तो पुढे करणारे राष्ट्राध्यक्ष डेमोक्रॅटिक पक्षाचे, ओबामा होते. २०२१ साली अमेरिकेचे सैन्य काबूलहून परतले तेव्हाही ठराव जागेवरच होता. तीन दिवसांत दिलेला अधिकार वीस वर्षांत परत घेता आला नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे जरूर आहे. दहशतवादाचा बंदोबस्त करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. निरपराधांच्या हत्येला कोणत्याही अन्यायाचे निमित्त पुरेसे होत नाही, आणि जे डावे लोक अशा हत्येचे आडवळणाने समर्थन करतात त्यांच्याशी आमचे कधी जमले नाही. प्रश्न आहे तो कारवाईचे उद्दिष्ट कोण ठरवतो, तिचा जाब कोण विचारतो, आणि तो विचारण्याची संधी कधी असते हा.

ही संधी अमेरिकेतील विरोधी पक्षाला वर्षभरानंतर पुन्हा मिळाली. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकवरील युद्धाच्या अधिकाराचा ठराव आला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याशी इराकचा संबंध सिद्ध झालेला नव्हता. सिनेटमध्ये त्या वेळी बहुमत डेमोक्रॅट्सचे होते. परंतु नोव्हेंबरात निवडणुका होत्या. युद्धाचा विषय एकदाचा हातावेगळा करावा, म्हणजे मग बेकारी आणि आर्थिक प्रश्नांवर बोलता येईल, असा हिशेब पक्षातल्या अनेक धुरीणांनी मांडला. सिनेटमध्ये ठराव ७७ विरुद्ध २३ मतांनी संमत झाला. केरी, हिलरी क्लिंटन, बायडन हे सारे बाजूने होते. गुप्तचर खात्याचा सविस्तर अहवाल सिनेटरांना वाचावयास ठेवलेला होता. तो समग्र वाचण्याची तसदी मोजक्यांनीच घेतली, असे पुढे उघड झाले. ज्यांनी तो वाचला त्यांपैकी बॉब ग्रॅहम यांनी विरोधात मत दिले. प्रतिनिधिगृहात मात्र चित्र निराळे होते. तेथे ठरावाच्या बाजूने २९६ आणि विरुद्ध १३३ मते पडली, आणि त्या १३३ पैकी १२६ डेमोक्रॅट होते. म्हणजे पक्षाच्या सामान्य प्रतिनिधींतील बहुसंख्य युद्धाच्या विरोधात होते, आणि नेतृत्व बाजूने. सँडर्स या वेळी विरोधकांत होते.

निवडणुकीचा तो हिशेबही चुकलाच. नोव्हेंबर २००२ मध्ये डेमोक्रॅट्सनी सिनेटमधले बहुमत गमावले. २००४ साली केरी राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले, तेव्हा युद्धाच्या अधिकाराला आपण होकार का दिला आणि त्याच युद्धाच्या खर्चाला नंतर नकार का दिला, हे त्यांना अखेरपर्यंत समजावून सांगता आले नाही. संकटात गप्प राहून निवडणुकीत बोलू म्हणणाऱ्या पक्षावर लोक विश्वास टाकत नाहीत. आणि आमच्या मते यात लोकांची चूक नाही. २००८ साली ज्यांनी क्लिंटन यांना मागे टाकून उमेदवारी मिळवली, त्या ओबामांनी ऑक्टोबर २००२ मध्येच शिकागोच्या सभेत इराक युद्धाला विरोध केला होता. तेव्हा ते एका राज्याच्या विधिमंडळाचे सभासद होते, त्यांना विचारतो कोण? पण बोलण्याची वेळ त्यांनी साधली होती.

तरीही बुश यांच्याविषयी आम्हांस फारसे लिहावयाचे नाही. ते ज्या वर्गाचे आणि ज्या विचाराचे प्रतिनिधी होते, त्याला साजेसेच वागले. समाजवाद्यांनी खरा विचार करावयास हवा तो ब्रिटनच्या मजूर पक्षाचा. श्रमिक चळवळीतून जन्मलेला हा पक्ष. त्याच्या पंतप्रधानांनी जुलै २००२ मध्येच बुश यांना ‘काहीही झाले तरी मी तुमच्याबरोबर आहे’ अशा आशयाची खाजगी चिठ्ठी लिहिली होती, हे पुढे चौकशीत बाहेर आले. मंत्रिमंडळाला, पक्षाला, पार्लमेंटला तिचा पत्ता नव्हता. १५ फेब्रुवारी २००३ रोजी लंडनच्या रस्त्यांवर लक्षावधी लोक युद्धाविरुद्ध उतरले. त्यांत मजूर पक्षाचे कितीतरी आजन्म सभासद होते. नेतृत्वावर परिणाम झाला नाही. इराकजवळ सर्वसंहारक शस्त्रे आहेत, उशीर केला तर अनर्थ होईल, हे पालुपद चालूच राहिले.

१७ मार्चला रॉबिन कुक यांनी मंत्रिपद सोडले. ते १९९७ ते २००१ परराष्ट्रमंत्री होते. गुप्तचरांचे कागद त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. त्यांनी कॉमन्स सभागृहात शांतपणे सांगितले की, नेहमीच्या अर्थाने ज्यांना सर्वसंहारक शस्त्रे म्हणतात, तशी इराककडे बहुधा नाहीत. निर्बंध आणि तपासणी यांनी त्या राजवटीला आटोक्यात ठेवले आहे. आणि आंतरराष्ट्रीय संमतीवाचून, देशातील जनतेचा पाठिंबा नसताना, आपण या युद्धाची जबाबदारी घेऊ शकत नाही. त्यांच्या भाषणात कोणाची निंदा नव्हती, पंतप्रधानांवर वैयक्तिक शेरा नव्हता. त्या सभागृहात टाळ्या वाजवण्याचा प्रघात नसताना सभासदांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पक्षादेश निघालेला असूनही मजूर पक्षाच्या १३९ सभासदांनी युद्धाला विरोध करणाऱ्या उपसूचनेला मत दिले. उपसूचना २१७ विरुद्ध ३९६ मतांनी पडली आणि मूळ ठराव ४१२ विरुद्ध १४९ मतांनी संमत झाला. हुजूर पक्ष मजूर पंतप्रधानांच्या पाठीशी उभा होता, हे वेगळे सांगावयास नको. क्लेअर शॉर्ट या दुसऱ्या मंत्रीणबाईंनी मतदानापूर्वी पंतप्रधानांच्या धोरणाला बेदरकार म्हटले, पण मंत्रिमंडळ सोडले नाही आणि मतही सरकारला दिले. त्यांनी राजीनामा दिला तो मे महिन्यात, बगदाद पडल्यावर. त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही.

शस्त्रे सापडली नाहीत. लाखाहून अधिक इराकी नागरिक मृत्युमुखी पडले, ब्रिटनचे १७९ सैनिक मेले. सर जॉन चिल्कॉट यांच्या चौकशी समितीने जुलै २०१६ मध्ये निष्कर्ष दिला की, शांततेचे मार्ग संपलेले नसतानाच युद्धाचा मार्ग पत्करण्यात आला. कुक यांनी १३ वर्षांपूर्वी जे सांगितले होते, त्याहून यात फार वेगळे काही नव्हते. ते स्वतः ऑगस्ट २००५ मध्येच निवर्तले होते. १९९७ नंतरच्या दहा वर्षांत मजूर पक्षाची सभासदसंख्या निम्म्याहून अधिक घटली. तिला इतरही कारणे होती. परंतु घरी बसलेल्या जुन्या कार्यकर्त्यांशी जे बोलले असतील त्यांना इराकचे नाव ऐकावे लागले असेल.

समाजवादी चळवळीच्या इतिहासात हे प्रथमच घडले असे नाही. ४ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने, त्या काळच्या जगातील सर्वांत बलाढ्य समाजवादी पक्षाने, कैसरच्या युद्धखर्चाला एकमुखाने मंजुरी दिली. पक्षांतर्गत बैठकीत विरोध करणारे सभासद होते. शिस्त म्हणून त्यांनी सभागृहात पक्षाबरोबर मत दिले. कार्ल लीब्क्नेख्त हे त्यांतलेच एक. डिसेंबरात पुन्हा मागणी आली तेव्हा त्यांनी एकट्याने विरोधी मत दिले. पण त्या चार महिन्यांत युद्ध पश्चिमेच्या खंदकांत रुतून बसले होते. पक्षशिस्त ही कार्यक्रम अमलात आणण्यासाठी असते, यावर आमचा विश्वास आहे. हजारोंच्या मरणाचा निर्णय बंद खोलीत झाला असेल आणि त्यावर पक्षात खुली चर्चाच झाली नसेल, तर शिस्तीच्या नावाने हात वर करावयास लावणे ही कार्यकर्त्याची फसवणूक आहे.

स्पेनचे उदाहरण याच्या उलट बाजूचे, आणि अधिक अवघड. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या लोकलगाड्यांत झालेल्या स्फोटांत १९० हून अधिक माणसे मेली. तीन दिवसांवर निवडणूक होती. अझ्नार सरकारने दोष बास्क फुटीर संघटनेवर टाकला आणि पुरावे दुसरीकडे बोट दाखवू लागल्यावरही तो हट्ट सोडला नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीकडूनदेखील त्या संघटनेचे नाव घातलेला ठराव करून घेतला. लोक संतापले, आणि समाजवादी पक्ष निवडून आला. झापातेरो यांनी इराकमधले सैन्य परत बोलावले. दहशतवाद्यांनी सरकार बदलून दाखवले, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. तो अगदीच निराधार म्हणून उडवून लावता येणार नाही. स्फोट झाले नसते तर निकाल वेगळा लागला असता, हे शक्य आहे. परंतु सैन्य परत बोलावण्याचे वचन समाजवाद्यांनी स्फोटांपूर्वीच दिलेले होते. ते फिरवले असते, तर दहशतवाद्यांनी एका पक्षाचे धोरण बदलले असे झाले असते.

आमच्या देशाचा अनुभव संमिश्र आहे. १९६२ साली चिनी फौजा नेफात उतरत असताना नेहरूंनी संसदेचे अधिवेशन अलीकडे ओढले, ते ८ नोव्हेंबरला भरले, आणि शंभराहून अधिक सभासद त्या चर्चेत बोलले. कृष्ण मेनन यांना त्याआधीच पद सोडावे लागले होते, तेही विरोधकांइतकेच स्वपक्षीयांच्या दडपणाने. महाराष्ट्रातून यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, ते याच मतभेदाचे फळ म्हणावे लागेल. पुढच्या ऑगस्टमध्ये कृपलानींनी नेहरू सरकारवर पहिला अविश्वासाचा ठराव आणला, लोहिया त्यावर बोलले. ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला, पण देशाचे काही बिघडले नाही. याच काळाची दुसरी बाजूही आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये पुकारलेली आणीबाणी १९६८ सालापर्यंत उठली नाही, शेकडो कम्युनिस्टांना विनाचौकशी तुरुंगात टाकण्यात आले, आणि पराभवाच्या कारणांचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल अर्धशतक लोटले तरी कोणत्याही सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केला नव्हता. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर तीन आठवड्यांत राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा आणि बेकायदा कृत्यांविषयीच्या कायद्यातील कडक दुरुस्त्या संसदेने संमत केल्या. आरोपपत्रावाचून १८० दिवसांपर्यंत कोठडीची तरतूद त्यांतलीच. काही सभासदांनी शंका काढल्या, विधेयके मात्र अडली नाहीत. पुढे या कायद्याखाली वर्षानुवर्षे खटल्यावाचून अडकून पडलेल्यांची बाजू घेताना आम्हांस जी धडपड करावी लागली, तिची सुरुवात त्या तीन आठवड्यांतल्या मौनात आहे.

इराकच्या बाबतीत मात्र भारतीय संसद बोलली. सरकारला मध्यम मार्ग हवा होता; विरोधी पक्षांनी तो मान्य केला नाही. ८ एप्रिल २००३ रोजी लोकसभेने ठराव केला. त्याच्या हिंदी मसुद्यात ‘निंदा’ हा शब्द होता आणि इंग्रजीत त्याहून सौम्य शब्द घालून अमेरिकेची मर्जी सांभाळलेली होती. विरोधक हिंदी वाचून आणि सरकार इंग्रजी वाचून समाधानी झाले. त्यानंतर काही आठवड्यांनी अमेरिकेने इराकमध्ये भारतीय फौज मागितली. ती द्यावी असे म्हणणारे सरकारात होते, वृत्तपत्रांत होते, महासत्तेच्या पंक्तीला बसण्याची ही संधी असल्याचे लेख लिहिले जात होते. काँग्रेस, डावे आणि समाजवादी यांनी, संयुक्त राष्ट्रसंघाच्या आदेशावाचून एकही सैनिक जाता कामा नये, अशी भूमिका घेतली आणि ती सोडली नाही. वाजपेयींनी अनेक आठवडे निर्णय लांबवला. १४ जुलै २००३ रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने अमेरिकेला नकार कळवला.