शेकरू आणि शिंदळ माकुडी

दिवाळीच्या सुटीत जुन्नरकडे जाणारे पुष्कळ. शिवनेरी चढायचा, मग भीमाशंकर गाठून शेकरू दिसतं का म्हणून झाडांच्या शेंड्यांकडे बघत फिरायचं. शेकरू आपला राज्यप्राणी. त्याच्या रक्षणासाठी भीमाशंकरला १९८५ साली अभयारण्य झालं. पण शिवनेरीच्याच कड्यावर शिंदळ माकुडी नावाची वनस्पती वाढते, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असतं?

दोघांच्याही शास्त्रीय नावांत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर आहेत. साइक्स या प्राणी-अभ्यासकाने १८३१ मध्ये इथल्या शेकरूला एल्फिन्स्टनचं नाव दिलं, डॅल्झेल या वनस्पती-अभ्यासकाने १८६५ मध्ये या वनस्पतीला बार्टल फ्रिअरचं: फ्रेरिया इंडिका. शेकरू उंदरांच्या कृंतक गणातलं, खारींच्या कुळातलं. तिथे त्याची जागा पक्की आहे. फ्रेरिया रुईच्या कुळातली. तिच्या जवळच्या नातलगांची मांसल खोडं जवळपास निष्पर्ण, हिला मात्र पावसाळ्यात भरपूर पानं आणि पिवळ्या ठिपक्यांची गडद लाल फुलं. म्हणून ती एकाच जातीची स्वतंत्र प्रजाती मानली गेली. पुढच्या अभ्यासकांनी तिला बूसेरोशिया प्रजातीत नेलं. हा बदल शास्त्राला धरून असेल. त्याने कड्यावरचं एकही रोप वाढलं नाही.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या वनस्पतीला जगातल्या सर्वाधिक संकटग्रस्त बारा वनस्पतींत गणलं होतं. शेकरू त्याच संघाच्या यादीत ‘कमी चिंतेचं’ आहे, संख्या घटत असली तरी. आपल्याकडचा क्रम उलटा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात प्राण्यांसाठी परिशिष्टं होती, वनस्पतींसाठी नव्हतं. ते १९९१ मध्ये आलं, त्यात सहा नावं, आणि फ्रेरिया त्यांत नव्हती. हे मला अन्यायाचं वाटतं. शेकरूचं कौतुक कमी करा, असं मी म्हणत नाही. फांदीला फांदी लागलेलं जंगल तुटलं की तेही संपेल. पण जे हलत नाही, ओरडत नाही, त्याचीही काळजी आपणच घ्यायची आहे.

फांदी लावून ही वनस्पती कुंडीत जगते. म्हणून कड्यावरची उपटून आणणं क्षम्य ठरत नाही. वाचकहो, या सुटीत गडावर जाल तेव्हा वाट सोडून कड्याच्या कपारींत उतरू नका, सुक्या गवतात काडी टाकू नका, आणि ती दिसलीच तर फोटोसोबत जागा जाहीर करू नका.